चिमूटभर मीठ आणि दूरच्या ग्रहांची हवा



गेल्या वर्षीं नववीच्या वर्गास आम्ही प्रयोगशाळेंत ज्योतीचे रंग दाखवीत होतों. स्पिरिटचा दिवा लावला, तारेचें टोंक मिठाच्या पाण्यांत बुडवून ज्योतींत धरलें, आणि ती फिकट निळी ज्योत क्षणांत हळदीसारखी पिवळी झाली. "हा रंग सोडियमचा," असें आम्हीं सांगितलें. आणि बोलण्याच्या ओघांत असेंही म्हणून गेलों कीं, ह्याच विद्येच्या बळावर शास्त्रज्ञांनीं इतर ताऱ्यांभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहांच्या हवेंत कोणते वायु आहेत तें ओळखलें आहे.

मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. "सर," तो म्हणाला, "त्या ग्रहावर कोणी गेलेलें नाहीं. तेथील हवा बाटलींत भरून कोणीं आणलेली नाहीं. आणि असे बहुतेक ग्रह मोठ्या दुर्बिणींतूनही वेगळे दिसत नाहींत, असें आपणच मागच्या तासाला सांगितलेंत. मग परीक्षा केली ती कशाची?"

तास संपण्यास दोन मिनिटें उरलीं होतीं. आम्हीं म्हटलें, "पुस्तकांत तसें दिलें आहे, तूर्त तेवढें लक्षांत ठेव." मुलगा मुकाट्यानें खालीं बसला.

घरीं जातांना तें उत्तर आमच्या मनास टोंचत राहिलें. विद्यार्थ्याचा प्रश्न शास्त्राचा होता आणि आमचें उत्तर शास्त्राचें नव्हतें. शिक्षकानें विद्यार्थ्याचें देणें ठेवूं नये, असें आम्ही मानतों. तें देणें फेडण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. उत्तर शोधतां शोधतां आम्हांस एका थोर विदुषीच्या कार्याचा परिचय झाला. त्यांचें नांव डॉक्टर सारा सेगर. दूरच्या ग्रहांची हवा ओळखण्यांतच ह्या बाईंचें आयुष्य गेलें आहे. म्हणून त्यांच्या कार्याच्या आधारानेंच आपण ह्या प्रश्नाचें उत्तर पाहूं.

प्रकाशाची साक्ष

पांढरा प्रकाश लोलकांतून गेला म्हणजे त्याचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगीत पट्टा पडतो, हें तुम्हीं पाहिलेंच आहे. ह्या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. १८१४ सालीं जर्मनींतील कांचेचे कुशल कारागीर योसेफ फ्राउनहोफर ह्यांनीं सूर्याचा वर्णपट बारकाईनें पाहिला, तेव्हां त्यांत त्यांस शेंकडों बारीक काळ्या रेषा आढळल्या. जणूं कोणी त्या रंगीत पट्ट्यावर सुईनें ओरखडे काढले असावे. ह्या रेषांचा अर्थ पुढें पंचेचाळीस वर्षें नीटसा उलगडला नाहीं. १८५९ सालीं हायडेलबर्ग येथें किर्खहोफ व बुन्सेन ह्या दोघां विद्वानांनीं तो उलगडला. त्यांचा सिद्धांत असा कीं, एखादा वायु तापला असतां ज्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो, नेमका त्याच रंगाचा प्रकाश तो आपल्यांतून जाणाऱ्या उजेडांतून शोषून घेतो. मीठ ज्योतींत जो पिवळा रंग दाखवितें, त्याच जागीं सूर्याच्या वर्णपटांत काळी जोडरेषा आहे. म्हणजे सूर्याच्या वातावरणांत सोडियम आहे!

ही गोष्ट एका दृष्टांतानें स्पष्ट होईल. पूर्वीं गांवोगांवीं वेशीवर जकातनाके असत. समजा, एक जकातदार प्रत्येक गाडींतून फक्त गुळाची ढेप काढून घेतो, दुसरा फक्त तेलाचा डबा, आणि तिसरा फक्त मिरचीचें पोतें. गाड्या बाजारांत पोहोंचल्यावर त्यांत काय कमी आहे तें पाहिलें, म्हणजे वाटेंत कोणता जकातदार बसला होता, हें त्याचें तोंड न पाहतांही सांगतां येतें. वायु हे प्रकाशाच्या वाटेवरचे असेच जकातदार आहेत. प्रत्येकाची जकात ठरलेली. एकाची दुसरा घेत नाहीं.

ह्या विद्येचा एक मोठा दिवस आपल्या देशांतच उगवला. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं सूर्याचें खग्रास ग्रहण झालें. तें पाहण्यासाठीं फ्रान्सचे जान्सन हे गुंटूर येथें आले होते. आणि विख्यात ज्योतिषी विल्यम हर्शेल ह्यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल हे तेव्हांच्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत आपलीं यंत्रें मांडून बसले होते. चंद्रानें सूर्यबिंब झांकलें असतां त्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटांत एक ठळक पिवळी रेषा दिसली. प्रथम ती सोडियमचीच असावी असें वाटलें. परंतु त्याच वर्षीं इंग्लंडांत लॉक्यर ह्यांनीं ती काळजीपूर्वक मोजली, तेव्हां ती सोडियमच्या रेषेच्या शेजारची खरी, पण तिच्या जागेवरची नव्हे, असें ठरलें. ती एका अज्ञात मूलद्रव्याची रेषा होती. त्यास हीलियम असें नांव मिळालें, आणि पृथ्वीवर तें हातीं लागण्यास १८९५ साल उजाडावें लागलें. एका केंसाएवढ्या अंतराकडे दुर्लक्ष केलें असतें, तर हा शोध सोडियमच्या नांवावर पुरला गेला असता. हें अंतर तुम्ही लक्षांत ठेवा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

एका मुलीची वाट

सारा सेगर ह्यांचा जन्म १९७१ सालीं कॅनडा देशांतील टोरांटो शहरीं झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. मुलगी लहान असतांना त्यांनींच तिला दुर्बिणींतून चंद्र दाखविला. पुढें शहराच्या दिव्यांपासून दूर, रानांतल्या मुक्कामीं, तिनें ताऱ्यांनीं गच्च भरलेलें आकाश प्रथम पाहिलें आणि तिला तें विसरतां आलें नाहीं. परंतु आकाश पाहणें हा मनुष्याचा उद्योग होऊं शकतो, हें मात्र तिला मोठ्या वर्गांत गेल्यावर, विद्यापीठ पाहावयास गेली असतां कळलें. तिनें आनंदानें ही गोष्ट घरीं सांगितली, तेव्हां वडिलांस काळजीच वाटली. मुलीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें, कोणावर अवलंबून राहूं नये, अशी त्यांची इच्छा होती. आणि तारे पाहून पोट कसें भरावें, हें त्यांस कळेना. आमच्या वाचकांपैकीं जे पालक आहेत त्यांस ही काळजी अपरिचित वाटणार नाहीं.

सेगरबाईंनीं टोरांटो विद्यापीठांत गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांचा अभ्यास केला आणि १९९४ सालीं पदवी मिळवून अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत प्रवेश घेतला. त्याच सुमारास खगोलविद्येंत मोठी घटना घडली. १९९५ च्या ऑक्टोबरांत जिनिव्हा येथील मायर व केलो ह्यांनीं जाहीर केलें कीं, सुमारें पन्नास प्रकाशवर्षें दूर असलेल्या ५१ पेगासी नांवाच्या सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतीं एक ग्रह फिरतो. ग्रह कोणास दिसला नव्हता. त्याच्या ओढीनें तारा किंचित् मागेंपुढें झुलतो, तो झोंका त्यांनीं मोजला होता. ग्रह आकारानें आपल्या गुरूच्या जातीचा, पण त्याची एक प्रदक्षिणा अवघ्या सव्वाचार दिवसांत पुरी होते! आपल्या गुरूस तींत जवळजवळ बारा वर्षें लागतात. इतका मोठा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असेल ही कल्पनाच विद्वानांस पटेना.

१९९७ सालीं कॅनडांतील डेव्हिड ग्रे ह्यांनीं लिहिलें कीं, हा ग्रह नसून ताऱ्याचेंच अंग आंतबाहेर स्पंदत असावें. हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. परंतु पुढच्याच वर्षीं ग्रे ह्यांनीं स्वतः अधिक बारीक मोजणी केली, आपणांस पूर्वीं वाटलें तें स्पंदन त्यांत आढळत नाहीं असें पाहिलें, आणि तें जसेंच्या तसें छापून प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांनो, ग्रह शोधणाऱ्यांस पुढें २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, हें तुम्ही पुस्तकांत वाचाल. ग्रे ह्यांचें नांव कदाचित् वाचणार नाहीं. आमच्या दृष्टीनें तेंही आदरानें घ्यावयाचें नांव आहे.

अशा वादाच्या काळांत, जो ग्रह आहे कीं नाहीं ह्याचीच पुष्कळांस शंका, त्याच्या हवेविषयीं प्रबंध लिहिण्याचें सेगरबाईंनीं ठरविलें. त्यांचे गुरु दिमितार सासेलोव्ह ह्यांनीं त्यांस ती वाट दाखविली. ग्रह आहेत असें मानलें तरी त्यांची हवा मोजणें मनुष्याच्या हातून होणार नाहीं, असें म्हणणारेही अनेक होते. बाईंनीं गणित सोडलें नाहीं. ताऱ्याच्या अगदीं जवळ भाजून निघणाऱ्या मोठ्या ग्रहाची हवा कशी असेल, तींत कोणते वायु टिकतील आणि ते प्रकाशाचें काय करतील, हें त्यांनीं कागदावर मांडलें, आणि १९९९ सालीं त्यांस त्या प्रबंधावर डॉक्टरची पदवी मिळाली.

दहा हजारांत दोन

आतां त्या मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊं. ग्रह दिसत नाहीं, मग त्याच्या हवेंतून आलेला प्रकाश मिळावा कोठून?

दूरच्या टेकडीवर एक ग्यासबत्ती जळत आहे आणि एक पाखरूं तिच्यासमोरून उडत गेलें, अशी कल्पना करा. पाखरूं आपणांस दिसणार नाहीं. पण तें आड आलें असतां बत्तीचा उजेड किंचित् कमी होईल. कांहीं ग्रहांची वाट अशी असते कीं, प्रत्येक फेरींत ते आपण व त्यांचा तारा ह्यांच्या मधून जातात. ह्यास अधिक्रमण म्हणतात. १९९९ च्या सप्टेंबरांत हार्वर्डचेच एक विद्यार्थी डेव्हिड शार्बनो ह्यांनीं अवघ्या चार इंच व्यासाच्या दुर्बिणीनें असें अधिक्रमण टिपलें. एच. डी. २०९४५८ ह्या ताऱ्याचा उजेड ग्रह आड आला असतां शेंकडा सुमारें दीड भागानें कमी होत होता, आणि हा खेळ दर साडेतीन दिवसांनीं होत होता. आतां ग्रह आहे कीं नाहीं, ही शंका घेण्यास जागा राहिली नाहीं.

आतां पाखराचे पंख पाहा. पाखराचें अंग काळें असलें तरी पंखांची कड पातळ असते. तिच्यांतून थोडासा उजेड गाळून येतो. ग्रहाच्या भोंवतीं हवेचें जें कडें असतें, तें ह्या पातळ कडेसारखें. आपला मावळता सूर्य तांबडा कां दिसतो? त्याचा प्रकाश हवेच्या लांब थरांतून गाळून येतो म्हणून. त्या दूरच्या ग्रहाच्या कडेवर जो संधिप्रकाश पसरलेला असतो, तोच गाळून आलेला प्रकाश ताऱ्याच्या उजेडांत मिसळून आपणांकडे येतो. बाटलींत भरून आणलेली हवा नाहीं, हें खरें. परंतु त्या हवेच्या वेशीवर जकात देऊन आलेली गाडी आपल्या बाजारांत पोहोंचलेली असते!

अधिक्रमण सांपडल्याचें कळतांच सेगरबाई व सासेलोव्ह ह्यांनीं गणित करून २००० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें: हा ग्रह हजार अंशांच्या घरांत तापलेला आहे, इतक्या उष्णतेंत सोडियमची वाफ हवेंत तरंगत असली पाहिजे, आणि ती वाफ पिवळ्या रंगाची आपली जकात घेतल्याशिवाय राहणार नाहीं. म्हणून त्या नेमक्या पिवळ्या रंगांत पाहिलें, तर ग्रह किंचित् मोठा, म्हणजे किंचित् अधिक उजेड अडविणारा, असा भासेल. तेव्हां तेथें पाहा.

शार्बनो व त्यांचे सहकारी ह्यांनीं हबल ह्या अवकाशांतील दुर्बिणीनें त्या पिवळ्या रंगांत चार अधिक्रमणें पाहिलीं. २००१ च्या अखेरीस त्यांनीं निकाल जाहीर केला. त्या रंगांत उजेड अधिक कमी होत होता. किती अधिक? दहा हजार भागांत सुमारें दोन भाग. दहा हजार तांदळाचे दाणे मोजून त्यांतले दोन कमी आहेत हें सांगावें, इतकें तें नाजूक काम. परक्या सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेचा मनुष्यास लाभलेला हा पहिला पुरावा. खूण कशाची होती? आमच्या स्पिरिटच्या दिव्यांत पडलेल्या चिमूटभर मिठाची!

येथें गोष्ट संपविली असती तर ती गोड झाली असती. पण खरी झाली नसती. २०२० सालीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं नव्या व अधिक तीक्ष्ण यंत्रानें तोच ग्रह पाहिला आणि शंका काढली कीं, ताऱ्याच्या स्वतःभोंवतीं फिरण्यामुळेंही अशी खूण उमटूं शकते; तेव्हां ह्या ग्रहावरील सोडियमचा पुरावा पुन्हां तपासला पाहिजे. मध्यंतरीं इतर कित्येक ग्रहांवर सोडियमची खूण चांगली स्पष्ट मिळाली आहे, त्यामुळें सेगरबाईंची रीत खरी ठरली आहे. परंतु पहिलाच विजय असला तरी त्यास फेरतपासणींतून सुटका नाहीं, हा शास्त्राचा कायदा आहे. हीलियमच्या वेळचें तें केंसाएवढें अंतर तुम्हांस आठवत असेलच. आणि तो हीलियम? तोही २०१८ सालीं, म्हणजे गुंटूर व जमखंडीच्या ग्रहणास दीडशें वर्षें झालीं त्याच वर्षीं, दुसऱ्या ताऱ्याच्या एका ग्रहावर सांपडला.

दुःख आणि काम

पुढें सेगरबाईंचें काम वाढत गेलें. २००५ सालीं त्या व डेमिंग प्रभृति त्यांचे सहकारी ह्यांनीं स्पिट्झर दुर्बिणीनें त्याच ग्रहाची उष्णता मोजली. युक्ति साधी होती. ग्रह ताऱ्याच्या मागें लपला म्हणजे त्याची उष्णता येणें थांबते. लपण्यापूर्वींच्या मापांतून लपल्यानंतरचें माप वजा केलें, कीं उरली ती ग्रहाची. ती सुमारें साडेआठशें अंश सेंटिग्रेड भरली. तुम्ही तिसरींत शिकलेली वजाबाकीच ती; मात्र तिला लागणारीं मापें मिळविण्यास कित्येक वर्षांची तपश्चर्या लागली.

२००७ सालीं बाई मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्यापीठांत प्राध्यापक झाल्या. २०११ सालीं त्यांच्या पतींस कर्करोगानें मृत्यु आला. पदरीं दोन लहान मुलगे. आकाशांतल्या अतिसूक्ष्म उजेडाचा हिशेब ठेवणाऱ्या ह्या बाईंस घरांतील साधा जमाखर्च व रोजची कामें कशीं चालवावीं हें नव्यानें शिकावें लागलें, असें त्यांनींच आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. त्या गांवांतील दुसऱ्या विधवा भगिनींचा त्यांस मोठा आधार झाला. दुःख त्यांनीं लपविलें नाहीं. कामही सोडलें नाहीं.

जीवसृष्टीची खूण म्हणून कोणत्या वायूकडे पाहावें, हा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. पृथ्वीच्या हवेंत प्राणवायु विपुल आहे तो वनस्पतींमुळें. परंतु परक्या ग्रहावरील जीव आपल्यासारखेच श्वासोच्छ्वास करतील, हें कोणीं सांगितलें? म्हणून २०१६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हवेंत वायुरूपानें राहूं शकतील अशा सुमारें १४,००० रेणूंची यादी केली. आधीं यादी, मग शोध. ग्रह दिसण्यापूर्वीं गणित करून ठेवणारीचीच ही रीत. २०१८ सालीं टेस हा ग्रहशोधक उपग्रह आकाशांत गेला, त्याच्या कामांतही त्या पुढारीण होत्या. २०२१ च्या नाताळच्या दिवशीं जेम्स वेब ही प्रचंड दुर्बीण उडाली आणि पुढच्याच वर्षीं तिनें एका दूरच्या ग्रहावरील कार्बन डाय-ऑक्साइडची खूण स्पष्ट टिपली. २०२४ सालीं सेगरबाई व शार्बनो ह्या दोघांस मिळून काव्हली पारितोषिक देण्यांत आलें.

सांगावें किती?

ज्याच्या हातीं पुरावा थोडा आणि ऐकणारे उत्सुक, त्याची खरी परीक्षा बोलण्यांत होते. अशी परीक्षा सेगरबाईंच्या वांट्यासही आली. २०२० च्या सप्टेंबरांत जेन ग्रीव्ह्ज ह्यांच्या नेतृत्वाखालीं एका मंडळानें जाहीर केलें कीं, शुक्राच्या ढगांत फॉस्फीन नांवाचा वायु असल्याची खूण मिळाली आहे. ह्या मंडळांत सेगरबाईही होत्या. पृथ्वीवर हा वायु कांहीं सूक्ष्म जंतूंशीं निगडित आहे. म्हणून साऱ्या जगांत गाजावाजा झाला. मंडळानें "जीव सांपडले" असें म्हटलें नव्हतें. आम्हांस ठाऊक असलेल्या दुसऱ्या कारणांनीं ह्या वायूचा उलगडा होत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पुढें एका वेधशाळेच्या मापांत जुळणीचा दोष निघाला. मंडळानें पुन्हां हिशेब केला आणि वायूचें प्रमाण पहिल्यापेक्षां बरेंच कमी झालें, तें तसें प्रसिद्धही केलें. इतर कित्येकांस ती खूण मुळींच पटत नाहीं. वादाचा निकाल शब्दांनीं लागणार नाहीं, तर शुक्राच्या ढगांत यंत्र पाठवून लावावा, असा सेगरबाईंचा प्रयत्न आहे.

दुसरें उदाहरण त्यांच्या एका शिष्याचें. निक्कु मधुसूदन हे भारतीय विद्वान. काशीच्या तंत्रविद्यालयांत शिकून ते अमेरिकेस गेले व सेगरबाईंच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी घेतली. २००९ सालीं गुरुशिष्यांनीं मिळून एक नवी रीत बसविली: वर्णपटावरून उलट गणित करीत जावयाचें, आणि लक्षावधि निरनिराळ्या हवांची कल्पना करून त्यांपैकीं कोणती त्या वर्णपटाशीं जुळते तें पाहावयाचें. पुढें केंब्रिज येथें असतां मधुसूदन ह्यांच्या मंडळानें १२४ प्रकाशवर्षें दूर असलेल्या के २-१८ बी ह्या ग्रहावर मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड असल्याचें २०२३ सालीं दाखविलें. २०२५ च्या एप्रिलांत त्यांनीं तेथें आणखी एका वायूची अंधुक खूण दिसते असें सांगितलें. पृथ्वीवर हा वायु मुख्यतः समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. वर्तमानपत्रांनीं पुन्हां नगारे वाजविले. परंतु अशी खूण निव्वळ योगायोगानें उमटण्याचा संभव हजारांत सुमारें तीन होता, आणि शास्त्रज्ञ ह्याहून पुष्कळ कडक कसोटी मागतात. शिवाय तोच वायु जेथें कसलेंही जीवन नाहीं अशा एका धूमकेतूवरही आढळला आहे. दुसऱ्या अभ्यासकांनीं तींच मापें तपासून आक्षेप घेतले, आणि हा संशोधक मंडळानेंही अधिक निरीक्षण पाहिजे असेंच म्हटलें.

कोणी म्हणेल, इतक्या वर्षांच्या खटपटीनंतरही "आहे" किंवा "नाहीं" असें छातीठोक सांगतां येत नाहीं, तर मिळविलें काय? आम्ही म्हणतों, मिळविलें तें हेंच कीं, जेवढें दिसलें तेवढेंच सांगण्याची ताकद. दहा हजारांत दोन दाणे कमी असतां "दोन कमी आहेत" असें म्हणणें सोपें नाहीं. पण "दोन कमी आहेत, आणि ते कां कमी आहेत हें अजून पक्कें कळलें नाहीं" असें म्हणणें त्याहून कठीण आहे. तें ज्यास साधलें, तो शास्त्रज्ञ. आमच्या त्या दिवशींच्या उत्तरांत नेमकी हीच गोष्ट नव्हती. "पुस्तकांत दिलें आहे" असें म्हणण्याऐवजीं "मला नीट सांगतां येत नाहीं, उद्यां पाहून सांगतों" असें म्हटलें असतें, तर त्या वर्गांत शास्त्राचा एक धडा अधिक झाला असता.

घरीं करण्याचा एक प्रयोग

आतां तुम्हीं स्वतः प्रकाशाची साक्ष काढावी अशी आमची इच्छा आहे. एक जुनी सी.डी. घ्या. रात्रीं खोलींतील पांढऱ्या दिव्याचा उजेड तिच्या चकचकीत बाजूवर तिरपा पडूं द्या. पूर्ण रंगीत पट्टा दिसेल. मग खोलींत अंधार करून, आईवडिलांपैकीं कोणी जवळ असतांनाच, स्पिरिटच्या दिव्याच्या किंवा ग्यासच्या निळ्या ज्योतींत तारेच्या टोंकावर ओलें मीठ धरावयास त्यांस सांगा, आणि त्या ज्योतीचें प्रतिबिंब सी.डी.वर पाहा. आतां पट्टा पसरणार नाहीं. पिवळा रंग तेवढा उठून दिसेल. तीच ती खूण. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनीं अथवा सी.डी.वरील प्रतिबिंबांतूनही कधीं पाहूं नका. डोळ्यांस कायमची इजा होते.

पालकांस एक विनंती. मुलानें किंवा मुलीनें असा कांहीं निरुपयोगी वाटणारा छंद धरला, तर "ह्यानें पोट भरेल काय?" हा प्रश्न आपण जरूर विचारा, सेगरबाईंच्या वडिलांनींही तो विचारला होता, आणि तो प्रेमानेंच विचारला होता. पण चंद्र प्रथम त्यांनींच दाखविला होता, हेंही विसरूं नका.

आणि मागच्या बांकावरील आमच्या त्या विद्यार्थ्या, तूं आतां दहावींत आहेस. तुझ्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे: परीक्षा केली ती हवेची नव्हे, त्या हवेंतून गाळून आलेल्या उजेडाची. ह्यांत कांहीं चुकलें असेल, किंवा आणखी कांहीं विचारावयाचें असेल, तर पुन्हां उभा राहा. तास संपण्यास दोनच मिनिटें उरलीं असलीं तरी चालेल.